गोल्डफिश वर येऊन तोंड उघडझाप करतोय, काय करू?

मंगळवार

सी-७०३ ओवीची आई: गुड मॉर्निंग. ग्रुपवर कुणाला माशांचं कळतं का? ओवीला वाढदिवसाला काचेचा बाउल आणि दोन गोल्डफिश गिफ्ट मिळाले, एक काल गेला आणि दुसरा सकाळपासून वर येऊन तोंड उघडझाप करतोय. मी रोज सगळं पाणी बदलते, बाउल साबणाने घासते, खाणं तीन वेळा घालते तरी असं का. दुकानात तर म्हणाले याला काही लागत नाही. ओवी शाळेत पण गेली नाही रडून रडून

बी-५०१: भूक लागली असेल त्याला

ए-२०४: एक सकर फिश आणून टाका, सगळी घाण चाटून साफ करतो

ए-१०१ काका: अहो आधी खाणं बंद करा. एक दाणा पण नको. बाउलमध्ये पाणी किती आहे, पाचेक लिटर? माझ्याकडे कालची भरून ठेवलेली बादली आहे, ओवीला बाउल घेऊन खाली पाठवा, लगेच

सी-७०३ ओवीची आई: पाठवते काका. पण नवीन पाणी तर सकाळीच घातलं होतं

ए-१०१ काका: तेच तर. नळाचं पाणी थेट घातलं ना? पावसाळ्यात क्लोरीनचा वास आपल्यालाच येतो, माशाचे कल्ले जळतात त्याने. पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवायचं नाहीतर अँटी-क्लोरीनचे थेंब घालायचे. आणि साबण माशाच्या भांड्याला कधीच नाही

(चाळीस मिनिटांनी)

ए-१०१ काका: बादलीत सोडलाय, एअर पंप लावलाय. कल्ले लाल आहेत पण पोहतोय. ओवी इथेच बसलीय स्टूल घेऊन, पोहे खातेय

सी-७०३ ओवीची आई: थँक्यू काका. घरी सकाळपासून काही खात नव्हती

बी-५०१: पण काका जत्रेत वगैरे पिशवीत असतात की मासे, तिथे मरत नाहीत

ए-१०१ काका: तिथून घरी नेल्यावर मरतात. ओवीला सांगितलं तेच इथे लिहितो. मासा शी-सू त्याच पाण्यात करतो, त्याचा अमोनिया होतो, तो विषारी. तो खाऊन संपवणारे जिवाणू असतात, एक जात अमोनियाचं नायट्राइट करते, ते पण विषारीच, मग दुसरी जात त्याचं नायट्रेट करते जे बरंच सौम्य. हे जिवाणू नवीन काचेत नसतातच. फिल्टरच्या स्पंजवर, खड्यांवर हळूहळू बसतात, चार ते सहा आठवडे लागतात. रोज सगळं धुतलं तर बसणार कुठे बिचारे. त्यात गोल्डफिशला जठरच नसतं, इकडून खाल्लं तिकडून बाहेर. पाच लिटरमध्ये दोन म्हणजे वन आरकेमध्ये बारा माणसं आणि संडास नाही

ए-२०४: हाहाहा काका सकाळी सकाळी

सी-३०२ काकू: घरात मासे असले तर नऊ हवेत, आठ सोनेरी आणि एक काळा, ईशान्येला. आमच्या वास्तुवाल्यांनी सांगितलंय

ए-१०१ काका: वहिनी, माझ्या तीन फुटी टाकीत दोनच गोल्डफिश आहेत, सहा वर्षांचे, शेपूट सोडून माझ्या पंज्याएवढे. नऊ ठेवायचे तर ईशान्येला क्लबहाउसचा स्विमिंग पूल बांधावा लागेल

सेक्रेटरी: पूलचं नाव काढू नका, आधीच मेंटेनन्सवरून मीटिंग आहे रविवारी

ए-१०१ काका: आणि २०४, तो सकर. दुकानात बोटाएवढा असतो म्हणून घेतात, फूटभर होतो नि घाण सगळ्यात जास्त तोच करतो. मग लोक जाऊन उपवनला नाहीतर मासुंदा तलावात सोडून येतात. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, चिवट जात, तलावातल्या आपल्या माशांच्या जिवावर उठतो. कुणीही असं करू नका प्लीज

ए-२०४: सॉरी काका. मग फायटर फिश चालेल का, तो तर छोट्या बरणीत असतो दुकानात

ए-१०१ काका: बरणीत तगतो म्हणून बरणीत ठेवतात. तो वर येऊन हवा घेऊ शकतो, तसा अवयव असतो त्याला. पण वीसेक लिटर तरी द्यावं, झाकण हवं, उडी मारतो. एकटाच ठेवायचा

रविवार

सी-७०३ ओवीची आई: काका आम्ही टाकी आणायला निघालोय. बाबांचं म्हणणं गोल कोपऱ्याची छोटी घेऊ, ओवीला दोन फुटी हवीय. कुठली?

ए-१०१ काका: ओवीचं ऐका. लहान टाकी सांभाळायला अवघड, एक दाणा जास्त पडला तरी पाणी बिघडतं. दोन फूट बाय एक बाय एक म्हणजे ६० गुणिले ३० गुणिले ३०, भागिले हजार, ५४ लिटर. स्पंज फिल्टर नि एअर पंप घ्या, साधाच, आणि पंप टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, लाइट गेली की पाणी नळीतून उलटं येतं

सेक्रेटरी: काका स्लॅबला काही प्रॉब्लेम नाही ना? सातवा मजला आहे

ए-१०१ काका: पाणी, काच, खडे मिळून ७०-७५ किलो. तुम्ही उभे राहिल्यासारखं

बी-५०१: हाहाहा सेक्रेटरी ९० आहेत

ए-१०१ काका: टीव्ही युनिटवर मात्र नको, प्लाय फुगतो. सपाट मजबूत टेबल, टाकीखाली थर्माकोलची शीट. गॅलरीच्या उन्हातही नको, आठवड्यात पाणी पालकाच्या सूपासारखं होतं. आणि आज मासे आणू नका!!

सी-७०३ ओवीची आई: ओवीने निऑन टेट्रा पसंत केलेत पण, निळ्या पट्टीवाले

ए-१०१ काका: छान असतात पण आपल्याकडे नको. घोडबंदरला अर्धा महिना टँकर आणि बोअरचं पाणी, नळाच्या तोटीवर पांढरा थर बघा केवढा बसतो. म्हणजे पाणी जड, क्षार जास्त. निऑनला हलकं पाणी लागतं. गप्पी, प्लॅटी, मॉली यांना जडच आवडतं, त्यातले घ्या. हे कुठलाही दुकानदार विचारत नाही, तुमच्याकडे पाणी कुठलं येतं म्हणून

सी-३०२ काकू: गप्पी म्हणजे ते महापालिका डासांसाठी सोडते तेच ना, ते काय घरात ठेवायचे

ए-१०१ काका: त्यांचेच रंगीत भाऊ. नर घ्या फक्त, सहा. माद्या घेतल्या की दर महिन्याला पिल्लं, आणि नर नसला तरी होतात, मादी आधीचं बीज कित्येक महिने साठवून ठेवते

सी-७०३ ओवीची आई: पण सहा आठवडे रिकामी टाकी बघत बसायचं? ओवी दर तासाला विचारेल हो

ए-१०१ काका: त्यावर उपाय आहे. तिला श्रीखंडाचा रिकामा डबा घेऊन पाठवा, टाकीचं पाणी भरून फिल्टर सुरू केल्यावर

(संध्याकाळी)

सी-७०३ ओवीची आई: काका हे काय दिलंय डब्यात?? ओवी म्हणते गटार आहे

ए-१०१ काका: माझ्या फिल्टरचा अर्धा स्पंज आहे, चार वर्षांचा. थोडासा पिळला तिच्यासमोर तर चहासारखं पाणी आलं, ई म्हणून पळाली. त्या तपकिरी गाळात नि स्पंजवरच ते जिवाणू असतात. तुमच्या फिल्टरशेजारी तसाच अडकवा, धुवू नका!! वाळू देऊ नका. याने काम एक-दोन आठवड्यांत होईल. चिमूटभर खाणं रोज टाका, जिवाणूंना पण पोट आहे

बी-५०१: दही लावायला विरजण मागतात तसं

ए-१०१ काका: अगदी तसंच

सी-७०३ ओवीची आई: काका मोलकरणीने धुतला असता, बेसिनवर ठेवला होता मी. वाचला

दोन आठवड्यांनी, गुरुवार

सी-७०३ ओवीची आई: टेस्ट किटमध्ये तीन दिवस अमोनिया शून्य, नायट्राइट पण शून्य. आज तीन गप्पी आणले, बाकीचे तीन पुढच्या आठवड्यात. पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवली होती, ओवीने घड्याळ लावलं होतं

ए-१०१ काका: शाब्बास. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं, सगळं कधीच नाही, आणि स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात खंगाळायचा. तुमचा गोल्डफिश बादलीतून माझ्या मोठ्या टाकीत गेला परवा, दादागिरी करतोय

सी-३०२ काकू: ते काढलेलं पाणी मला द्या गं, मोगऱ्याला घालीन. चांगलं असतं म्हणतात

सी-७०३ ओवीची आई: हो काकू, रविवारी

सेक्रेटरी: महत्त्वाची सूचना. उद्या शुक्रवारी सकाळी ९ पासून २४ तास पाणीपुरवठा बंद, टँकरची खात्री नाही. सर्वांनी आज रात्रीच पाणी भरून ठेवावे, गाड्या धुवू नयेत

सी-७०३ ओवीची आई: ओवीने आमच्या आधी तिच्या माशांची बादली भरली, वर चिठ्ठी लावलीय, आंघोळीला घेऊ नये