घणसोलीची जुनी वही: धाव, शनवारी आणि नाव नसलेला लोहार

माहेर_घणसोली:
नमस्कार मंडळी. माझं माहेर घणसोली गावठाणातलं, आम्ही आगरी. वडील गेल्यावर माळ्यावरच्या पेटीत आजोबांच्या वडिलांची हिशेबाची वही मिळाली. शक १८२९ ते १८३३, म्हणजे १९०७ ते १९१२ च्या दरम्यानची. सगळी मोडीत. मोडी शिकवणाऱ्या एका सरांकडे सहा महिने बसून मी ती उतरवून काढली.

मला वाटलं होतं जमिनीचं, सरकारी धाऱ्याचं काही निघेल. ते जवळजवळ नाहीच. वही भरली आहे ती कामं करून देणाऱ्या माणसांनी. सुताराने उघाडीची, म्हणजे खाडीकाठच्या बांधातल्या लाकडी दाराची, फळी बदलली. होडीवाल्याने ठाण्याच्या बाजारात भात पोचवलं. 'पनवेल, चाकं जोडी १'. 'धाव बसविली'. 'शनवारी, तेल २ आणे', हे तर दर पंधरवड्याला आहे.

शनवारी म्हणजे शनिवारी येणारा कोणी का? पण नोंदी सगळ्या वारांच्या आहेत, शनिवार सोडून. आणि चाकं पनवेलहून का आणली असतील, ठाणे जवळ असताना?

सगळ्यात जास्त खटकतं ते लोहाराचं. वाण्याचं नाव आहे, सुताराचं आहे, होडीवाल्याचं आहे. लोहार एकतीस वेळा आला आहे, मी मोजलं, आणि प्रत्येक वेळी नुसता 'लोहार'. आमच्या घराण्याचं नाव सातबाऱ्यावर राहिलं, कारण जमीन होती. ज्याने आमचे फाळ पाजवले त्याचं नाव कुठेच का नसावं? ते शोधायला काही वाट आहे का?

बंदररोड:
ताई, चाकांचं मी सांगतो. माझे चुलत आजोबा पनवेलला गाड्यांचं सुतारकाम करायचे. पनवेल त्या काळी चाकांसाठीच ओळखलं जायचं. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला. मुंबईहून माल बोटीने पनवेल बंदरात उतरायचा आणि तिथून बैलगाडीने पुण्याकडे जायचा. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे गेली तेव्हा ती लांबची वाहतूक गेली, पण पनवेलला स्वतःची रेल्वे स्वातंत्र्यानंतर आली. तोवर आसपासचा सगळा तालुका बैलगाडीवरच होता, त्यामुळे कारागीर टिकले. तुमच्याकडून मचव्याने खाडीखाडीने पनवेल गाठणं काही अवघड नव्हतं.

धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी. ती मुद्दाम लाकडी चाकापेक्षा किंचित लहान करायची. मग शेणींच्या जाळात लाल होईपर्यंत तापवायची, म्हणजे ती फुगते. दोघा-तिघांनी चिमट्यांनी उचलून चाकावर चढवायची आणि धूर निघतोय तोच घागरीने पाणी ओतायचं. लोखंड आवळतं आणि तुंब्यापासून कडेपर्यंत सगळे आरे कचकन बसतात. तो आवाज मी लहानपणी ऐकला आहे. पाणी ओतायला उशीर झाला तर लाकूड जळतं, म्हणून त्या वेळी कोणी बोलायचं नाही.

तुमच्या वहीत धाव बसवल्याच्या नोंदी बहुतेक चैत्र-वैशाखातल्या असतील, बघा. उन्हाने लाकूड आटतं आणि धाव सैल होते. काही लोक त्यासाठी चाकं रात्रभर तळ्यात बुडवून ठेवायचे.

खाडीपलीकडे:
शनवारी म्हणजे शनवार तेली. हे बेने इस्राएल, मराठी बोलणारे ज्यू. बैलाच्या घाण्यावर तेल काढायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावोगाव त्यांना हे नाव पडलं. तुमच्या नोंदीत शनिवार नाही याचं उत्तर हेच. पनवेलचं त्यांचं प्रार्थनामंदिर १८४९ चं, ठाण्याचं १८७९ चं. १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर जरूर चाळा. त्या वेळी पनवेल-उरण ठाणे जिल्ह्यातच होते, त्यामुळे दोन्हीकडची माहिती एकाच ठिकाणी मिळेल.

उघाडीच्या फळीची नोंद जपून ठेवा. नव्या मुंबईत वाढलेल्या मुलांना खारबांध, म्हणजे खाडीचं पाणी शेतात येऊ न देणारा बांध, हेच माहीत नाही. ओहोटीला पावसाचं पाणी बाहेर जाऊ द्यायचं आणि भरतीचं खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, हे काम त्या लाकडी दाराचं. एका पावसाळ्यात दार फुटलं तर शेत पुढची दोन-तीन वर्षं धड पिकत नसे. सुताराचं नाव वहीत आहे ते उगीच नाही.

अभिलेख_कक्ष:
मी महसूल खात्यातून निवृत्त झालो. लोहाराबद्दल आधी एक तपासा. त्याला मोबदला जागच्या जागी दिला आहे का? तसं असेल तर तो फिरता घिसाडी असू शकतो. त्यांचा मुक्काम चार दिवसांचा, उधारी नाही. पण काम ज्येष्ठात आणि त्याचा मोबदला म्हणून भात, झोडणीनंतर मार्गशीर्षात, असं असेल तर तो गावातच राहणारा होता.

गावचा असेल तर वाट आहे. गावात जन्मलेल्या-मेलेल्यांची नोंद व्हायची, गाव नमुना १४, लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. त्यात बापाचं नाव असतं आणि जातही असते. जमीन असो वा नसो, नोंद सगळ्यांची. हल्ली दाखल्यांसाठी लोक तीच बुकं धुंडाळतात. घणसोली ठाणे तालुक्यात, तेव्हा ठाणे तहसील कार्यालयात नकलेचा अर्ज करा. त्या काळच्या नोंदी बहुधा मोडीतच असतील, आणि मोडी तुम्हाला येतेच. फक्त साल-महिना अंदाजे माहीत हवा, नाहीतर पानं फार.

माहेर_घणसोली:
काका, तुमचं वाचून रात्री परत वही काढली. एकतीसपैकी एकोणीस नोंदी ज्येष्ठ-आषाढातल्या, नुसतं काम, समोर आकडा नाही. आणि दर मार्गशीर्षात एकदा, 'लोहार, भात' आणि पुढे पायल्यांचा आकडा. म्हणजे तो गावचाच. बंदररोडदादा, धावेच्या पाच नोंदींपैकी चार वैशाखातल्या निघाल्या.

आणखी एक नोंद मी आधी किराण्यात धरून पुढे गेले होते. शक १८३२, भाद्रपद: 'लोहाराचे घरी मुलगा, तांदूळ व गूळ पाठविला.' हिशेबात रक्कम लिहिलेली नाही.

म्हणजे सप्टेंबर १९१०. सोमवारी ठाण्याला अर्ज द्यायला जाते आहे.