एआरटी (एचआयव्हीवरचे उपचार) चालू असूनही अंगावरून पांढरं जाणं थांबत नाही

प्रश्न – आशा कार्यकर्ती, निपाणी भाग
आमच्या भागातली एचआयव्ही असलेली एक ताई टीएलडीची (तीन एचआयव्ही औषधांची एकत्र) गोळी नियमित घेते. अंगावरून दह्यासारखं पांढरं जातं आणि खाजेनं रात्रभर झोप नाही. मेडिकलमधून बुरशीवरची फ्लुकोनाझोल १५० ची एक गोळी घेतली की आठवडाभर बरं, मग परत तेच. दुकानदार सोबत मलमही देतो. तिला मोठ्या दवाखान्यात पाठवताना काय काय विचारायला सांगू?

उत्तर – स्त्रीरोग डॉक्टर, बेळगाव
आधी ते बुरशीचंच आहे का, हे बघायला हवं. त्यासाठी आतून तपासणी, पीएच पट्टी आणि स्राव काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं लागतं. बुरशीत पीएच साधारण ४.५ किंवा कमी राहतो. त्याहून जास्त असेल आणि माशासारखा वास येत असेल, तर जिवाणूंचा असमतोल किंवा ट्रायकोमोनास (संबंधातून पसरणारा परजीवी). त्यावर फ्लुकोनाझोल कितीही दिलं तरी उपयोग शून्य.

बुरशी पक्की ठरली आणि ती वारंवार होत असेल, तर पहिल्या, चौथ्या व सातव्या दिवशी १५० मिग्रॅची एकेक गोळी, मग आठवड्याला एक अशी ६ महिने. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. दिवस गेले असतील तर ही गोळी नको. त्याऐवजी क्लोट्रिमॅझोलची योनीत ठेवायची १०० मिग्रॅची गोळी ७ रात्री. या गोळ्या आणि क्रीममधल्या तेलानं कंडोम फाटू शकतो, हे तिला नक्की सांगा.

ट्रायकोमोनास निघाला तर एचआयव्ही असलेल्या बाईला एकदम २ ग्रॅमच्या डोसापेक्षा मेट्रोनिडाझोल दिवसातून दोनदा, ७ दिवस, हे चांगलं लागू पडतं. नवऱ्यालाही त्याच वेळी औषध द्यायचं, नाहीतर परत तिलाच होणार. ३ महिन्यांनी पुन्हा तपासणी.

उत्तर – समुपदेशक, एआरटी केंद्र
त्या मलमाचं नाव बघा. क्लोबेटासॉल हे स्टेरॉइड असलं तर आधी बंद. स्टेरॉइडनं खाज दबते, पण बुरशी वाढत जाते. रक्तातली साखर, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) तपासून घ्या. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत का तेही विचारा. रिकाम्या पोटी त्या टीएलडीसोबत घेतल्या तर टीएलडीतलं डोलुटेग्राविर हे औषध नीट शोषलं जात नाही. टीएलडी त्या गोळ्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यावी, नाहीतर दोन्ही गोळ्या एकत्र जेवणासोबत.

ओळखीचं कोण भेटेल म्हणून बेळगाव नको म्हणत असेल, तर निपाणीहून कोल्हापूर जवळच आहे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं तिची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे.

उत्तर – स्टाफ नर्स
याच भेटीत गर्भाशयमुखाची तपासणी होऊ द्या. एचआयव्ही असलेल्या बायकांना तिथल्या कॅन्सरचा धोका सुमारे ६ पट असतो. एचपीव्ही (या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू) चाचणी २५ व्या वर्षापासून, दर ३ ते ५ वर्षांनी. ती सोय नसेल तर ॲसिटिक ॲसिड लावून बघतात. पांढरा डाग उठला की पुढची तपासणी.

ओटीपोटात दुखून ताप असेल तर त्याच दिवशी पाठवा. संबंधानंतर रक्त जात असेल तर तेही टाळू नका.

प्रश्नकर्ती
जायच्या आधी काही पाळायचं?

स्टाफ नर्स
पाळी नसताना जावं. दोन दिवस आधीपासून संबंध नको, आत कुठलंही औषध नको आणि आतून धुणं तर अजिबात नको. वापरलेल्या सगळ्या गोळ्यांची आणि मलमांची रिकामी पाकिटं सोबत न्यायला सांगा.