बेनेगलांची ‘यात्रा’ राहिलीच की

‘भारत एक खोज’ ही मालिका सोडली तर दिग्दर्शक श्याम बेनेगलांचं टीव्हीवर बघण्यासारखं काही नाही, असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं. नाही पटलं. १९८६ची ‘यात्रा’ बघा. कन्याकुमारीहून जम्मूला निघालेली हिमसागर एक्सप्रेस, त्यात ओम पुरीचा जवान आणि डब्यातले सहप्रवासी, एवढ्यावर मालिका उभी आहे. आजच्यासारखं ढॅण ढॅण संगीत नाही. सुरुवातीला जरा संथ वाटेल, तेवढं सोसा.

आम्ही तेव्हा सोलापुरात रेल्वे क्वार्टर्समध्ये राहायचो, वडील गार्ड. गोष्ट बाजूलाच, त्यांचं सगळं लक्ष गाडीत. कडक भाकरी मोडता मोडता मध्येच म्हणायचे, “हिरवी झेंडी कुठं दाखवली यानं?” आई वैतागायची.