ऊसतोडीच्या लेकराला रहस्यकथा कधी मिळणार?

पुस्तकवाली, लातूर
आमच्या वाचनगटात आठवी ते दहावीची मुलं आणि थोडे पालक आहेत. दिवाळीनंतर परीक्षेपर्यंत महिन्यातून एकदा बसतो. या रविवारी विषय होता, किशोरांच्या पुस्तकांत कोणाची मुलं दिसतात? अमेरिकेत बालसाहित्याच्या अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली मांडलं होतं की पुस्तक वाचणाऱ्याला आरसाही असतं, ज्यात आपण दिसतो, आणि खिडकीही, जिच्यातून दुसऱ्यांचं जग दिसतं. त्याच्या आधी, १९८५ साली, विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या एका केंद्राने मोजलं तर तिथल्या वर्षभरातल्या सुमारे २,५०० बालपुस्तकांत कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची निघाली फक्त १८.

आपल्याकडे अशी मोजदाद माझ्या पाहण्यात नाही. पण माझी तक्रार वेगळीच आहे. मराठवाड्यातलं लेकरू गोष्टीत येतं, नाही असं नाही. येतं ते दुष्काळ, कर्ज, उचल (ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेले पैसे) आणि बापाची आत्महत्या घेऊनच. चोर पकडायचे, गुहा शोधायच्या, वर्गातल्या कुणावर तरी जीव जडायचा, ही कामं पुण्या-मुंबईच्या पोरांकडे. पुढच्या वर्षीच्या यादीत निम्मी पुस्तकं तरी अशी हवीत, ज्यात तांड्यावरचं, वस्तीवरचं, मोहल्ल्यातलं पोरगं नायक आहे आणि ते शेवटच्या पानापर्यंत नुसतं सोसत नाही. पटतंय का?

गंगाखेडकर
नाही पटत. फास्टर फेणे फुरसुंगीचा, शिकायला पुण्यात. मी गोदाकाठचा. वाचताना एकदाही अडलो नाही. गोष्ट पळाली पाहिजे, बास. यादीला जिल्हा आणि जात लावून कोटा पाडला की पुस्तक पुन्हा अभ्यासाचंच होतं. तुमच्या लातुरात पोरांना नीटच्या क्लासमधून मान वर करायला वेळ नाही, त्यात हे.

दोन मुलींची आई
दादा, तुम्ही अडला नाहीत कारण तुम्ही मुलगा होता. सायकल घेऊन संध्याकाळी कुठंही जाणारा नायक तुम्हाला ओळखीचा वाटला. माझ्या थोरलीने विचारलं, "ह्याला घरचे विचारत नाहीत का, कुठं चाललास म्हणून?" गोष्ट पळत होती. ती मात्र तिथंच अडकली.

निवृत्त गुरुजी, अंबाजोगाई
मी वेगळ्या कारणाने विरोध करतो. भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' शिकवताना वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता व्हायची. भाव नाही म्हणून बाप भरल्या बाजारात टोमॅटो तुडवतो, आणि पोरगा बघतो. माझ्या वर्गातल्या कित्येकांनी ते घरी पाहिलेलं होतं. पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं लिहिलं होतं. आता तुम्ही म्हणता, दुःख पुरे, गुप्तहेर आणा. ज्याच्या बहिणीचं नववीतच लग्न उरकलं, त्याच्या हाती भूतबंगला द्यायचा? ही वैविध्याच्या नावाखाली डोळेझाक आहे.

फडावरचा
गुरुजी, नमस्कार. माझे आईबाप एक कोयता होते, म्हणजे ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी. सातवीपर्यंत मी दर हंगामाला कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या तात्पुरत्या झोपडीत, राहिलो. तुम्ही म्हणता ते दुःख होतंच. पण भुताच्या जितक्या गोष्टी मी कोपीवर ऐकल्या तितक्या पुढं कुठंच नाही! कारखान्यावर उसाच्या टायरगाड्यांचा नंबर लागायचा, रात्र रात्र रांगेत. तिथं आम्ही पोरं काय काय करायचो ते इथं लिहीत नाही. आणि रहस्य पाहिजे तर उचल देऊन तोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाची वही घ्या. उचल किती दिली, टन किती भरले, फिटली किती, हा हिशेब आठवीतल्या पोरीने एका रात्री गुपचूप तपासायला घेतला तर? मी तर जागा राहून वाचीन.

मॅडम, एक तुम्हालाही. दिवाळीनंतर परीक्षेपर्यंत बैठक म्हणजे नेमकी ऊसतोडीची पोरं गावात नसतात तेव्हा. यादीत त्यांना घेणार आणि सतरंजीवर कोण बसणार?

पुस्तकवाली, लातूर
हे लक्षातच आलं नव्हतं. पावसाळ्यात घ्यायला पाहिजे.

परभणीचा वाचक
आमचंही जरा घ्या. मराठी किशोरकथेत माझ्यासारखा पोरगा वर्षातून एकदा येतो, ईदला, शीरखुर्म्याचा डबा घेऊन. नायकाला डबा दिला की त्याचं काम संपलं. तो क्रिकेटमध्ये चिडका आहे, गणितात ढ आहे, घरी दखनी बोलतो आणि शाळेत मराठीत भांडतो, असं कधी लिहिणार?

गंगाखेडकर
लिहायचं कुणी? आता म्हणाल, ज्याचं त्यानेच.

परभणीचा वाचक
तसं नाही म्हणत. अमेरिकेत २०१५ साली 'ओन व्हॉइसेस' असा शिक्का निघाला, म्हणजे पात्र ज्या समाजातलं, लेखकही त्यातलाच. वुई नीड डायव्हर्स बुक्स या संस्थेने २०२१ मध्ये तो वापरणंच सोडलं. लेखकाला स्वतःची खासगी ओळख उघडी करायला लागत होती. मला शिक्का नको. लिहिणाऱ्याने चार दिवस मोहल्ल्यात येऊन बसावं, एवढंच.

निवृत्त गुरुजी, अंबाजोगाई
चार दिवसांत काय कळतं? फडावरच्याला ती कोपी सात वर्षांत कळली. मुकादमाच्या वहीची गोष्ट मात्र मलाही वाचायला आवडेल, फक्त त्या पोरीला शेवटी पोलीस अधिकारी करू नका.

गंगाखेडकर
चला, वही मलाही चालेल. पण ते पुस्तक आज कपाटात नाही. जे नाही त्याची निम्मी यादी कशी करणार? निम्मी भरायची म्हणून पुळचट पुस्तकं घ्याल आणि पोरं म्हणतील, आपल्याकडच्या गोष्टी कंटाळवाण्याच असतात. मग काय उत्तर देणार?

दोन मुलींची आई
मग निम्मी नको, तीनच घ्या. पण थोरलीला आधी वाचायला द्या. ती पुस्तक कुठं मिटते ते मी सांगते.