पुण्यात म्हणे फक्त रिव्हरफ्रंट आणि नाईटलाईफच कमी आहे!

पेठेतला_पामर:
काल एका महाशयांनी लिहिलं, मेट्रो आली, मॉल आले, आता फक्त नदीकाठी चकाचक रिव्हरफ्रंट आणि पहाटेपर्यंत उघडी हॉटेलं हवीत की झालं पुणं जागतिक शहर. अहो, आधी घरापासून बसस्टॉपपर्यंत चालून दाखवा. आमच्याकडं फुटपाथ सुरू होतो तोच विजेच्या डीपीपाशी, तिचं दार सताड उघडं, मग फ्लेक्सचा बांबू, मग दुकानदाराची पोती, आणि शेवटी बुलेट आडवी लावलेली. आई रस्त्यावरूनच चालते, पावसाळ्यात पेव्हर ब्लॉक हलला नि मनगट मोडलं. पुण्याचं पादचारी धोरण 2016 चं आहे बरं का, आणि 11 डिसेंबरला लक्ष्मी रोड बंद करून पादचारी दिन पण करतात. उरलेले 364 दिवस उडत जायचं का?

बाणेरकर_77:
ते महाशय मीच. फुटपाथ नको असं कुठं म्हटलं मी? जंगली महाराज रोडला केले ना रुंद, बाकडी पण टाकली. झालं काय, गाडी लावायला जागा नाही, दोन चकरा मारून लोक घरी जातात. आधी पार्किंग द्या, मग चाला हवं तेवढं.

पेठेतला_पामर:
आला मुद्द्यावर! गाडी तुमची, जागा सगळ्यांची, आणि फुकट पाहिजे. 2018 ला पे अँड पार्कचं धोरण आलं तेव्हा केवढा आरडाओरडा झाला, विसरलात?

स्वारगेट_लोकल:
दोघंही गाडीवाले दिसताय. 2006 ला स्वारगेट-कात्रज बीआरटी, म्हणजे बसची वेगळी लेन, सुरू केली तेव्हाही हेच, आमची लेन खाल्ली म्हणून बोंब. पीएमपीच्या सिटी बसला वीस मिनिटं थांबायचं, आली की दारात लटकायचं, आणि हे पार्किंगवर भांडतायत.

बाणेरकर_77:
पीएमपी वेळेवर आली असती तर गाडी घेतली असती का मी? हप्ता काय हौसेनं भरतो?

वैदेही_क:
एवढी चर्चा झाली, बायकांनी जायचं कुठं हे एकालाही सुचलं नाही. खरेदीला निघायचं तर सकाळपासून पाणी मोजून प्यायचं. स्वच्छतागृह असलंच तर कुलूप, किल्ली म्हणे समोरच्या पानवाल्याकडं, त्याच्याकडं चार पोरं उभी. मागा आता किल्ली!

बाणेरकर_77:
मॉलमध्ये जायचं ना मग, तिथं स्वच्छ असतं.

वैदेही_क:
भाजी घ्यायला मंडईत गेलेली बाई मॉल शोधत फिरणार? स्वतःच्या आईला सांगून बघा हे. आणि भाजीवालीनं काय करायचं, ती दिवसभर तिथंच बसलेली असते.

स्वारगेट_लोकल:
ताई बरोबर बोलतायत. आमच्या पीएमपीच्या बायका-कंडक्टरना विचारा कुठल्याही शेवटच्या स्टॉपवर.

बाणेरकर_77:
बरं बाबांनो, संडास आधी, रिव्हरफ्रंट नंतर. खूश? पार्किंगचे पैसे पण देतो एक वेळ. पण गाडीला ओरखडा आला तर जबाबदार कोण, ते पावतीवर छापा.

पेठेतला_पामर:
छापलेलं असतंच की. गाडीमालक.