कवितेला यमक हवंच का?

पंचवटीकर
२७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जयंतीला, गंगापूर रोडवर कवितावाचनाला गेलो होतो. वीसेक कविता ऐकल्या, एकीलाही यमक नव्हतं. पूल ओलांडून घरी पोचेपर्यंत त्यातली एक ओळ डोक्यात उरली नाही. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण जात्यावरच्या ओव्या तिला एवढ्या पाठ की दळण सरायचं, ओव्या सरायच्या नाहीत. शेवटचा शब्द आठवला की अख्खी ओळ मागोमाग यायची. यमक सोडलं तिथेच कविता लोकांच्या तोंडून गेली, असं माझं ठाम मत आहे.

निफाडची_बाई
मला अजिबात पटत नाही. माझ्या चौथीच्या वर्गातल्या मुलाने वहीत लिहिलं होतं, ‘द्राक्षावर पांढरा डाग आहे. बाबा म्हणतात पुसू नको, औषध आहे.’ वर्गावर आलेल्या पाहुण्यांनी त्याला यमक जुळवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी वहीत काय, तर ‘द्राक्षं किती गोड, वेलीला आले मोड’. वेलीला मोड कुठून आले? गोडला जोडी हवी म्हणून! बाबा गेले, औषध गेलं. वरच्या दोन ओळी त्याने इतक्या जोरात खोडल्या होत्या की कागद फाटला होता.
शिवाय मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी. आला, गेला, केला, मेला. फुकटात मिळणाऱ्या यमकाचं कौतुक कशाला?

पंचवटीकर
त्या पोराचं वाईट वाटलं, पण चूक घाई करणाऱ्यांची आहे, यमकाची नाही. कुसुमाग्रजांची ‘कणा’ कविता घ्या. नाचली–वाचली, दोन्ही क्रियापदंच ना? नाचली ती घरात शिरलेली गंगामाई, वाचली ती बायको. घर धुऊन नेणारी आणि घरात उरलेली, दोघी एकाच आवाजात बांधल्यात. ‘वाचली’च्या जागी ‘जिवंत आहे’ घालून बघा, ओळ बसते का.

तपोवन_वाचक
अभंग कोणी मोजत का नाही? सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया. अक्षरं ६-६-६-४. यमक फक्त मधल्या दोन चरणांत, चौथा मोकळा. ज्ञानेश्वरीच्या ओवीतही पहिले तीन चरण जुळतात, चौथा सुटा. आपल्याच जुन्या कवींनी कान बांधलाही आणि सोडलाही. प्रत्येक ओळीला शेपूट हवंच, हा हट्ट त्यांचा नव्हता.

निफाडची_बाई
अभंगाचं मान्य. पण त्याला टाळ आहे, चाल आहे. आजची कविता एकट्याने, मनातल्या मनात वाचली जाते. आणि एका ‘कणा’मागे वाढदिवसाच्या फलकांवरच्या किती चारोळ्या सोसायच्या? मी मुलांना आधी तो डागच बघायला सांगणार. यमक शिकवणार नाही.

पंचवटीकर
नका शिकवू, ऐकवा. त्याच मुलासमोर ‘कणा’ मोठ्याने म्हणा आणि ‘बायको मात्र’ इथे थांबा. पुढचा शब्द तो स्वतः सांगतो की नाही, ते इथे येऊन लिहा.