सिपानचं सोनं: कारागिरी की गिल्ट?

मूसवाला: पेरूतल्या सिपानची, मोचे या प्राचीन संस्कृतीतल्या राजाची कबर १९८७ मध्ये वाल्तेर आल्वा यांनी उकरली. तिथल्या कितीतरी ‘सोन्याच्या’ वस्तू निघाल्या तेव्हा हिरव्यागार होत्या. का, तर आत तांबं आणि वर सोन्याचा पातळ थर! हात सफाईदार, मान्य. पण याला गिल्टच म्हणतात ना?

कासारआळी: सगळंच गिल्ट नाही हो. तुंबागा हा मिश्रधातू घ्या. सोनं, तांबं, थोडी चांदी एकत्र वितळवायची. पत्रा ठोकायचा, कडक झाला की तापवायचा, पुन्हा ठोकायचा. तापताना वरचं तांबं काळं पडतं. ती काळी साय आंबट रसाने काढली की पृष्ठभागावरचं तेवढं तांबं गेलं. असं पुन्हा पुन्हा करत राहिलं की वर सोनं उरतं. बाहेरून चढवलेलं काही नाही. प्राचीन धातुकामाच्या अभ्यासक हेदर लेक्टमन म्हणतात, वस्तूचं रूप तिच्या आतूनच यावं ही अँडीजची धारणा होती. तिकडच्या कापडावरची नक्षीसुद्धा विणीतूनच उमटते.

मूसवाला: धारणा कशाला हवी? तांबं घातलं की सोनं कमी लागतं, मिश्रण कमी आचेवर वितळतं, पत्रा टणक होतो. कुठलाही सोनार हेच सांगेल. मोच्यांना लिपी नव्हती, मग धारणा वाचली कुठे?

कासारआळी: हारात वाचा. त्याच कबरीतल्या हाराला भुईमुगाच्या शेंगा आहेत (भुईमूग मूळचा तिकडचाच), उजवीकडे सोन्याच्या, डावीकडे चांदीच्या. नुसती काटकसर करणारा बाजू कशाला सांभाळेल?

मूसवाला: डावं-उजवं मान्य. पण त्यातून ‘आतून यावं’ कसं निघतं?

हिंगूळ: दोघंही सोन्यालाच चिकटलात. उत्तर पेरूतच, वाका लोरो या ठिकाणी मोच्यांनंतरच्या सिकान संस्कृतीच्या काळातला, साधारण इ.स. १००० चा सोन्याचा मुखवटा सापडला. त्यावर हिंगुळाचा लाल रंग. २०२१ मध्ये त्या रंगात माणसाच्या रक्तातली आणि पक्ष्याच्या अंड्यातली प्रथिनं सापडल्याचं जाहीर झालं. एवढ्या मेहनतीचं सोनं, आणि ते रंगाखाली झाकायचं? लेक्टमनबाईंचा सिद्धांत इथे अडखळतो, आणि काटकसरवाल्यांचाही.

कासारआळी: माझा नाही अडखळत. रक्त आतलंच की.

मूसवाला: ही कोटी झाली. अंड्याचं काय करता?